कॅक्टस बुडातून मऊ पडला, वाचते का? आजीनं दीड महिना रोज पाणी घातलं

दारव्हेवाली

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहून राहिली, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्याजवळ दोन कॅक्टस आहेत, आहेत म्हणजे किती दिवस आहेत ते तुम्हीच सांगा. मार्चमध्ये नागपूरला लग्नाला गेलो होतो तेव्हा एका नर्सरीतून आणले. एक उभा, वीतभर उंच, निळसर हिरवा, पाच धारांचा. दुसरा लाल टोपीवाला, खाली तीन धारांची हिरवी काडी अन् वर लाल गोळा, तो पोरानं हट्ट करून घेतला. गाव दारव्हा तालुक्यात, घराला मोठं आंगण आहे.

उन्हाळाभर दोघंही मस्त होते, मे महिन्यात ४५ डिग्रीतही टिकले, मीच सगळ्यांना सांगत होती की बघा झाड असावं तर असं. मग जूनमध्ये माझ्याच डोक्यात आलं की नर्सरीची काळी प्लास्टिकची कुंडी बरी दिसत नाही, म्हणून आहेरात आलेल्या चिनीमातीच्या दोन कुंड्या होत्या त्यात लावले. माती आपल्याच वावरातली, काळीभोर, वरून दोन मुठी शेणखत. कुंडीला खाली भोक नाही हे मला माहीत होतं पण म्हटलं एवढंसं झाड, त्याला काय होते.

अन् ठेवले तुळशीच्या ओट्यावर. आमच्या आजेसासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि लोट्यात जे उरते ते शेजारच्याला. एक झाड पाणी पिऊन राहिलं अन् बाजूचं कोरडं पाहून राहिलं हे त्यांना पाहवत नाही. वरून यंदा पाऊसही बम.

आठ दिवसांपासून उभा कॅक्टस सुरकुतला, पिवळा पडला. मला वाटलं तहानला, म्हणून मी स्वतः एक मग पाणी घातलं, हसू नका. काल पाहिलं तर एका अंगाला झुकला आहे, बुडाशी बोट लावलं तर पिकलेल्या टमाटरासारखं लागते अन् वास येऊन राहिला. लाल टोपीवाल्याची काडी पण खालून काळपट दिसते. पोरगा रोज विचारते झाड बरं झालं का. ऊन दाखवू का? खत देऊ का? का फेकून देऊ?

गच्चीवरचे काटे

ताई खत अजिबात नको, ऊन पण नको, आत्ता हे वाचून झालं की आधी दोन्ही कुंडीतून बाहेर काढा, उद्यावर टाकू नका. सड रात्रीतून वर चढते.

आणि सुरकुतलेला पाहून पाणी घातलं त्यात तुमची चूक एकटीची नाही, बरेच कॅक्टस असेच मरतात. मुळं सडली की झाड चिखलात उभं राहूनही उपाशी, पाणी ओढायला खाली काही उरतच नाही, म्हणून वरून दिसायला तहानलेला दिसतो. ओळखायचं कसं तर माती पाहून. माती कोरडी खडखडीत आणि झाड सुरकुतलेलं, तर तहान. माती ओली आणि झाड सुरकुतलेलं, तर मुळं गेली. दुसरं, तहानलेला सगळीकडून सारखा बसतो आणि दाबला तर रबरासारखा लागतो, सडका बुडातून लिबलिबीत होतो. आणखी एक, म्हाताऱ्या कॅक्टसचं बूड तपकिरी होतं पण ते लाकडासारखं टणक असतं, ते वयानं आलेलं, त्याला घाबरून कापत बसू नका. तुमच्याकडे वास येतोय म्हणजे प्रश्नच मिटला.

आता काय करा, पेपरची जाड घडी करून पट्ट्यासारखी झाडाला गुंडाळा आणि दोन्ही टोकं धरून उचला, हातमोज्यातून काटे जातात. ओली माती सगळी झाडा, नर्सरीवाल्यांनी आत कोकोपीटचा गोळा ठेवलेला असतो तो पण काढा, मुळांना चिकटून बसतो आणि ओला झाला की आठ आठ दिवस वाळत नाही. मुळं पाहा. पांढरी, भुरकट, ओढल्यावर न तुटणारी ती जिवंत. काळी, ओढली की साल हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो ती मेलेली. बूड मऊ असेल तर मुळांचा विचारच सोडा, बुडातूनच कापावं लागेल.

नवीन ब्लेड घ्या, स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं पुसा. खालून एक एक बोट जाडीचे काप काढत वर जा आणि प्रत्येक कापानंतर ब्लेड पुसा, हे महत्त्वाचं आहे, नाहीतर तुम्हीच सड वर नेता. कापलेल्या जागी मधोमध एक गोल रिंगण दिसेल, तीच झाडाची पाण्याची नळी समजा. बाकी गर हिरवागार असला आणि त्या रिंगणात एक जरी तांबूस ठिपका दिसला तरी अजून वर कापायचं. जीव तुटतो पण कापायचं. ठिपका ठेवला की पंधरा दिवसांनी पुन्हा तिथेच.

धुऱ्यावरचा पाटील

आमच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, निवडुंग आहे, माझ्या आजोबापासून कोणी लोटाभर पाणी घातलं नाही, ढोरं खात नाहीत, उन्हाळा खात नाही, हटतच नाही. अन् तुम्ही पैसे देऊन आणला, आहेराच्या कुंडीत बसवला, पूजा करून मारला 😄 ताई राग नका धरू, माझ्या बायकोनं पण असाच एक मारला आहे.

गच्चीवरचे काटे

पाटील, तुमच्या धुऱ्यावरचा तोडला की पांढरा चीक निघतो का? निघत असेल तर तो थोर, कॅक्टस नाही, वेगळं खानदान. चपट्या पंजाची नागफणी असेल तर मात्र खरा कॅक्टस, आणि तोही इथला नाही, अमेरिकेतून आलेला. आणि धुऱ्यावर पाणी थांबत नाही, वाहून जाते, तुमचा निवडुंग तिथे जगला तो म्हणून. तोच उपटून डबक्यात लावून पाहा.

संत्रावाला वरूड

ताई मी कॅक्टसवाला नाही, संत्र्यावाला आहो, पण तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. हे तुम्ही जे सांगतलं बुडापाशी नरम पडणं, वास येणं, पिवळं पडून वरून सुकल्यासारखं दिसणं, हे आमच्या बगीच्यात दर पावसाळ्यात चालू असते, आम्ही त्याले डिंक्या म्हणतो, मूळकूज म्हणतो. कारण एकच, बुडाशी पाणी साचलं. जमीन काळी भारी असली अन् चर नसले काढले तर पंधरा वर्साचं झाड दोन पावसाळ्यात जाते. म्हणून खोडाले बोर्डो मलम लावतो, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. तुमच्या एवढ्याश्या झाडाले किलो किलोचं काय काम, पण कोणा संत्रावाल्याच्या घरी पावसाळ्याआधीचं उरलेलं असन तरी ते जुनं नका लावू, बोर्डो ताजंच वापरतात. त्यापेक्षा घरी 'साफ' नावाची बुरशीनाशक पावडर असनच कपाशीसाठी आणलेली, ते २ ग्रॅम लिटरले घेऊन कापलेलं बूड त्यात बुडवा अन् वाळवा. हातात मोजे घाला, नाकाले फडकं बांधा, स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. २०१७ साली तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली ते आपल्याले सांगायची गरज नाही, थोडं आहे म्हणून हलकं नका समजू.

अन् पाणी कमी द्या म्हणण्यापरीस मी म्हणतो ताण द्या. आम्ही आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतो, पानं मलूल होतात, नवा माणूस पाहिन तर म्हणन झाड मेलं. मरत नाही. पाणी तोडल्याशिवाय फूल येत नाही त्याले. कॅक्टस तर वाळवंटातलं, त्याले तर ताणच ताण पाहिजे.

आजीले काही बोलू नका. त्यायले सांगा की याचा चातुर्मास चालू आहे, पाण्याचा उपास धरला आहे त्यानं.

दारव्हेवाली

काढले दोन्ही. रात्री पोर्चमध्ये लाईट लावून बसलो, पोरगा टॉर्च धरून. कुंडी उलटी केली तर माती निघेचना, चिखलाचा गोळा, कुंडीच्या तळाशी दोन बोटं पाणी उभं होतं अन् त्याचा वास असा की सासरे घरातून विचारतात नालीचं झाकण उघडलं का.

उभ्याची मुळं म्हणावी अशी नव्हतीच, हातात नुसते काळे दोरे. बूड कापलं, आत कॉफीसारखं. दुसरा काप, कडेनं हिरवं, रिंगणात तांबडं. तिसरा काप, रिंगणात एकच ठिपका, मोहरीएवढा. नवरा म्हणाला राहू दे आता काही उरत नाही. पण गच्चीवाल्यांचं वाचलं होतं म्हणून चौथा कापला, तेव्हा स्वच्छ निघालं, आतून काकडीसारखं. वीतभरातून चार बोटं उरला आहे. साफ लावली, जाळीवर ठेवला आहे पडवीत, सावलीत.

लाल टोपीवाल्याचं मात्र कळेना. काडी जवळजवळ सगळीच गेली, लाल गोळ्याच्या खाली अंगठ्याच्या पेराएवढी हिरवी उरली अन् तीही एका बाजूनं मऊ. ती काढून टाकून लाल गोळाच सरळ मातीत लावला तर मुळं फुटतील का? गोळ्याला बाजूनं हरभऱ्याएवढं एक पिलूही आहे.

आणि हे पण सांगा, बिनाभोकाच्या कुंडीत खाली गोटे टाकून वर माती भरली तर चालते का, सगळे व्हिडिओवाले तेच सांगतात. फेकवत नाहीत हो त्या कुंड्या.

काळीमाती बीएस्सी

आधी कुंडीचं. गोटे टाकून उपयोग नाही. पाणी बारीक मातीतून जाड गोट्यात सहज उतरत नाही, माती अगदी तुडुंब भिजल्याशिवाय थेंब खाली जात नाही, म्हणजे गोटे टाकल्यानं ओलीचा थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोक पाडा. चिनीमातीला टाईलचं ड्रिल बिट लागतं, पाणी शिंपडत हळूहळू. नाहीतर झाड भोकवाल्या कुंडीत लावा आणि ती त्या आहेराच्या कुंडीत नुसती ठेवा, पाणी देताना बाहेर काढायची. सगळ्यात चांगली कुंभाराकडची साधी मातीची, न रंगवलेली, तिच्या अंगातूनही ओल जाते.

आता माती. ताई, आपल्या काळ्या मातीची तारीफ आपण सगळेच करतो आणि ती कापसासाठी आहेच तशी, पावसाचं पाणी धरून ठेवते म्हणून कोरडवाहू कपाशी दिवाळीपर्यंत तग धरते. तिच्यात जी चिकणमाती आहे ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळे. फुगली की मातीतल्या पोकळ्या बुजतात, हवा संपते. मुळांनाही श्वास लागतो. श्वास कोंडला की मूळ मरतं आणि मेलेल्या मुळावर सडवणारे जंतू बसतात, संत्र्यात डिंक्या आणणाऱ्या फायटोफ्थोराचे बीजाणू तर साचलेल्या पाण्यात चक्क पोहत जातात. वरूडवाल्या भाऊंनी बिनाभिंगाचं बरोबर ओळखलं.

त्यात कॅक्टसची तऱ्हा उलटी. बाकी बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात, हा दिवसा बंद ठेवतो आणि रात्री उघडतो, त्यामुळे त्याच्यातून पाणी उडतच नाही फारसं. म्हणजे एवढ्याशा झाडाला लोटाभर पाणी संपवायला किती दिवस लागतील विचार करा, आणि इथे दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा लोटा हजर.

तुमच्यासाठी मिश्रण सांगतो, बाजारातून काही आणायचं नाही. मुरूम घ्या, घर बांधताना भरावाला आणतात तो, आणि चाळा. चाळणीतून खाली पडते ती भुकटी फेका, वर राहते ते ज्वारी ते वाटाण्याएवढे खडे ठेवा. असा मुरूम दोन वाटे, जाडी वाळू एक वाटा, विटेचे बारीक तुकडे थोडे, आणि अगदी जुनं, वास नसलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत एक वाटा. बारीक प्लास्टरची वाळू नको, ती दाबून बसते. मूठ भरून ओली करा आणि दाबा, लाडू वळला तर अजून मुरूम टाका.

उभ्या कॅक्टसला मात्र घाई करू नका. कापलेल्या जागी कोरडा पापुद्रा धरला पाहिजे, उन्हाळ्यात तो ४-५ दिवसांत धरतो, या दमट हवेत दोन आठवडेही लागतील. कडेच्या धारा थोड्या तिरप्या छाटा, पेन्सिलीला टोक काढतो तसं, कारण मधलं बूड वाळताना आत ओढलं जातं आणि मुळं फुटतात ती त्या मधल्या रिंगणातून, ते अधांतरी राहायला नको.

संत्रावाला वरूड

लाल टोपीचं मी सांगतो, हे तर आपल्याच धंद्यातलं आहे. ते एक झाड नाही ताई, कलम आहे. संत्र्याले आपण जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरतो, तसा तो लाल गोळा दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बसवला आहे.

गच्चीवरचे काटे

बरोबर, आणि तो खुंट बहुतेक ड्रॅगन फ्रूटचा असतो. तीन धारा सांगितल्या ना तुम्ही, तोच. लाल गोळ्यात हरितद्रव्य नाही, हिरवं नाही म्हणून तो लाल दिसतो, त्यामुळे स्वतःचं अन्न स्वतः करता येत नाही, खुंट करतो आणि तो वर बसून खातो. मातीत लावला तर चार दिवस दिसेल बरा, मग सुकेल. नवा खुंट पाहिजे. गावात कोणी ड्रॅगन लावलं आहे का?

दारव्हेवाली

हाव आहे! दोन वर्षांपूर्वी लावलं एकानं, सिमेंटचे खांब घालून, गावानं तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं. त्याच्याकडे पिशव्यांत रोपंही आहेत, मेलेल्यांच्या जागी लावायला ठेवलेली. मागून आणते. कलम मी कशी करू पण, मी शाळेत भूगोल शिकवते.

संत्रावाला वरूड

करता येते, भाजी चिरता येते न. मुळं धरलेलं रोप घ्या. ड्रॅगनचा शेंडा मातीपासून चार बोटं वर आडवा कापा, एका झटक्यात, करवतीसारखं घासू नका. तिन्ही धारांचे कोपरे थोडे छाटा. मग लाल गोळ्याचं बूड तसंच सपाट कापा, जिथं मऊ आहे ते सगळं जाऊ द्या. दोन्हीत मधात रिंगण दिसन. एकावर एक ठेवा. ड्रॅगनचं रिंगण लहान राहते, गोळ्याचं वेगळ्या मापाचं, म्हणून बरोबर मधात बसवायचा हट्ट नका करू, थोडं सरकवा, एका जागी तरी रिंगणाले रिंगण लागलं पाहिजे. न लागलं तर चिकटन पण जगन नाही. आपल्या डोळ्याचंही असंच आहे, सालीले साल भिडली पाहिजे. मग रबर, वरून गोळ्यावरून कुंडीच्या खालून, आडवे उभे दोन. घट्ट पण गळा आवळल्यासारखं नाही. ८-१० दिवस हलवू नका, कापावर पाणी पडू देऊ नका.

गच्चीवरचे काटे

एक भर घालतो, इथे लोक गोंधळतात. मुळं फुटायला लावायचा तुकडा वाळवूनच लावायचा. कलम मात्र ओल्या कापावरच, दोन्ही कापल्यावर दोन मिनिटांत एकावर एक. वाळलं की जोडत नाही. आणि ताई, ते हरभऱ्याएवढं पिलू वेगळं काढून दुसऱ्या रोपावर बसवा. मोठा फसला तर हाताशी काहीतरी राहील.

धुऱ्यावरचा पाटील

कापलेल्यावर हळद लावली तर? आमची आई सगळ्याले हळद लावते.

काळीमाती बीएस्सी

उभ्याला लावा, नुकसान काही नाही. पण सडका भाग आत ठेवून वरून हळद लावली तर ती फक्त पिवळी सड होते. आणि कलमेच्या कापावर हळद, साफ, काहीच नको, मधे काही आलं की सांधा बसत नाही.

दारव्हेवाली

मंडळी, उशिरा लिहून राहिली, मधात परीक्षा अन् महालक्ष्म्या होत्या.

उभा वाचला!! पापुद्रा धरायला बारा दिवस लागले, पाऊस थांबतच नव्हता, रोज उलटवून पाहत होती. मग कुंभाराच्या कुंडीत मुरूम-वाळूवर नुसता टेकवला, पडू नये म्हणून तीन काड्या खोचल्या. तीन आठवडे काहीच नाही, अजून सुरकुतला, दोनदा हात पाण्याच्या मगकडे गेला माझा. काल हळूच वर ओढून पाहिला तर येतच नाही, धरून बसला आहे. शेंड्याला नवे काटे पण दिसतात, पिवळट, मऊ.

लाल मोठा गेला. कलम दिसायला छान बसली होती, रबर सोडलं तेव्हा पोरानं टाळ्या वाजवल्या, पण पाचव्या दिवशी खालून तपकिरी व्हायला लागला, मला वाटते त्याच्या बुडात आधीच होतं, मी एक काप कमी घेतला, लाल जास्त जाऊ नये म्हणून. तोच लोभ नडला. पिलू मात्र बसलं आहे! हरभऱ्याचं आता बोराएवढं झालं, दुसऱ्या रोपावर. त्या बिचाऱ्या ड्रॅगनला बाजूनं त्याचा स्वतःचा कोंब फुटला, तो मोडायचा का ठेवायचा?

आजीला चातुर्मासाचं सांगितलं. त्यांनी एकदम मानलं, काहीच वाद नाही, उलट परवा शेजारच्या काकू लोटा घेऊन ओट्याकडे आल्या तर आजीच ओरडल्या की त्याले नको घालू, त्याचा उपास आहे. पण आता रोज विचारतात कार्तिकीला किती दिवस राहिले, उपास सोडायला त्या स्वतः पाणी घालणार आहेत म्हणतात. घालू द्यायचं का?

संत्रावाला वरूड

कोंब मोडा, दिसला की मोडा. खुंटाले फुटवा ठेवला तर तो सगळं खाऊन घेते अन् वरचं उपाशी मरते, जंबेरीचंही तसंच आहे.

गच्चीवरचे काटे

आजीला घालू द्या की. मुळं धरली आहेत, तोपर्यंत पाऊसही गेलेला असेल. सध्या मात्र पंधरा दिवसांतून एकदा, माती तळापर्यंत कोरडी असेल तरच, कडेनं दोन-चार चमचे द्या. आणि कार्तिकीला लोटा नको, आजीच्या हातात चहाचा कप द्या.

दारव्हेवाली

कप बशीतला का मोठा? आमच्याकडे आजीचा कप म्हणजे स्टीलचा गिलास आहे.